जंगलवाटेवरील व्हॅनसाठी जादा मीटर : निवड आणि जोडणी

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जाणे यात आता कुणाला नवल वाटत नाही. शेजारचा, १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा तर अंतरांचा आणि जंगलाचा. आलापल्लीहून पेरमिलीमार्गे भामरागडला जाणारा सुमारे ६५ किलोमीटरचा रस्ता किंवा जिमलगट्ट्यावरून सिरोंचाला जाणारा शंभर किलोमीटरच्या आसपासचा टप्पा घ्या. वाटेत गॅरेज सहजी सापडत नाही आणि बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. अशा जागी इंजिन गरम होऊन व्हॅन बंद पडली, तर प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही. गाडीत कधी रुग्ण असतो, कधी आश्रमशाळेची मुले असतात. चंद्रपूर-मूल मार्गासारख्या पट्ट्यात तर वाघाच्या वावरामुळे संध्याकाळी गाडीतून उतरणेही शहाणपणाचे नसते. इंजिनाची तब्येत बिघडू लागल्याचे चालकाला दहा मिनिटे आधी कळले, तरी पुढच्या वस्तीपर्यंत पोहोचता येते किंवा निदान सावलीची, सुरक्षित जागा गाठता येते. ही दहा मिनिटे मिळवून देणे, एवढेच जादा मीटरचे काम.

मूळ डॅशबोर्डवर तापमानाचा काटा असताना वेगळा कशाला, असे कोणीही विचारील. याचे उत्तर त्या काट्याच्या स्वभावात आहे. इंजिनाचे तापमान थोडे वरखाली झाले की ग्राहक घाबरतो आणि तक्रार घेऊन येतो, म्हणून अनेक उत्पादक हा काटा मुद्दामच संथ ठेवतात. साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत तो मध्यावरच उभा असतो आणि मग एकाएकी लाल पट्ट्याकडे धावतो. कित्येक नव्या गाड्यांत तर काटाही नाही. थंड असताना निळा आणि हाताबाहेर गेल्यावर लाल, असे दोन दिवे तेवढे. तेलाच्या दाबाचा दिवा याहून बेभरवशाचा. तो सहसा दाब पाच पीएसआयच्या आसपास उतरल्यावर लागतो. धावत्या इंजिनाला लागणारा दाब याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे दिवा पेटेपर्यंत बेअरिंगची हानी सुरू झालेली असू शकते.

व्हॅनच्या रचनेमुळे अडचण आणखी वाढते. मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, तरी या भागात ती अजून दिसते. तिचे आणि ईकोचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते. फोर्स ट्रॅव्हलरमध्ये ते चालकाच्या बाजूच्या झाकणाखाली शिरलेले असते. मोटारीप्रमाणे बॉनेटमधून निघणारी वाफ काचेसमोर दिसावी, अशी सोय येथे नाही. आसन तर उन्हाळाभर तापलेलेच असते, त्यामुळे जादा उष्णता चालकाच्या ध्यानातही येत नाही.

बाजारात मीटर पुष्कळ मिळतात. पण या दोन जिल्ह्यांसाठी तीन पुरेत : पाण्याचे तापमान, तेलाचा दाब आणि बॅटरीचा व्होल्टेज. टर्बोच्या दाबाचा मीटर पेट्रोल व्हॅनमध्ये निव्वळ शोभेचा. जुन्या जीपगाड्यांतला अँपिअर मीटरही नको, कारण त्यासाठी बॅटरीचा सगळा प्रवाह डॅशबोर्डपर्यंत खेळवावा लागतो आणि एखादी तार घासली तर आगीला निमंत्रण मिळते. व्होल्टमीटरला फक्त बारीक तार लागते. इंजिन सुरू असताना तो १३.८ ते १४.४ दाखवीत असेल तर चार्जिंग ठीक. सतत १३ च्या खाली राहिला तर आल्टरनेटर किंवा बेल्ट पाहावा. अनेक इंजिनांत पाण्याचा पंप आणि आल्टरनेटर एकाच बेल्टवर फिरतात. व्होल्टेज पडले आणि मागोमाग तापमान चढू लागले, तर बेल्ट तुटला असे समजून गाडी तत्काळ थांबवावी. दोन मीटर शेजारी शेजारी असण्याचा खरा फायदा हाच.

निवडताना पहिला निर्णय यांत्रिक की विद्युत, हा. यांत्रिक तेलमापकात गरम तेल नळीतून थेट चालकाच्या पायापर्यंत येते; खडबडीत रस्त्यावर ती नळी कातरली तर काय होईल, हे सांगायला नको. यांत्रिक तापमापकाची बारीक नळी कापता वा जोडता येत नाही. म्हणून व्हॅनसाठी विद्युत प्रकारच बरा. मात्र त्यात मीटर आणि सेन्सर एकमेकांसाठीच बनलेले असावे लागतात. युरोपीय पद्धतीचे दाबाचे सेन्सर साधारण १० ते १८० ओहमचे आणि अमेरिकी पद्धतीचे २४० ते ३३ ओहमचे असतात. शिवाय एकात दाबाबरोबर रोध वाढतो, तर दुसऱ्यात कमी होतो. एकाचा मीटर आणि दुसऱ्याचा सेन्सर जोडला, तर काटा हलतो खरा, पण खोटे बोलतो. तेव्हा कोइम्बतूरच्या प्रिकोलचे घ्या, जर्मन व्हीडीओचे घ्या किंवा अन्य कोणाचे. पूर्ण जोडी एकाच खोक्यातून घ्यावी. तापमापकावर नुसते रंगीत पट्टे नकोत, अंशांचे आकडे हवेत. ५२ मिलिमीटरचा आकार सर्वत्र चालतो.

बसवण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करावी. तापमानाचा सेन्सर मीटरला जोडून, त्याचे धातूचे अंग बॅटरीच्या ऋण टोकाशी तारेने बांधून, टोक उकळत्या पाण्यात धरावे. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, म्हणून काटा शंभरच्या अगदी जवळ यायला हवा. पाच-सात अंशांचा फरक दिसला तर जोडी परत करावी.

सेन्सरची जागा हा या कामाचा गाभा आहे. तो थर्मोस्टॅटच्या आधी, इंजिनाच्या हेडमधील वाहत्या पाण्यात असावा. तेथे बंद असलेले एखादे छिद्र मिळाले तर उत्तम. आटे मात्र तपासून घ्यावेत. दोन वेगळ्या जातींचे आटेही पहिले दोन फेरे बिनबोभाट बसतात आणि मग अॅल्युमिनियमचे हेड कायमचे खराब होते. छिद्र नसेल तर वरच्या होज पाइपात बसणारा धातूचा जोड मिळतो. त्यात दोन उणिवा आहेत : थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तेथील पाणी थंडच असते, आणि दोन्हीकडे रबर असल्याने त्या जोडाला स्वतंत्र अर्थची तार द्यावी लागते. एकतारी सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी भरमसाट गुंडाळणारे मिस्त्री सर्वत्र भेटतात. तीमुळे अर्थ तुटतो आणि काटा मेल्यासारखा पडून राहतो. तेलाच्या दाबाचा सेन्सर जड असतो. तो इंजिनावर पितळी जोडाच्या टोकाला लोंबता ठेवला, तर गडचिरोलीच्या खड्ड्यांत तो जोडच मोडतो आणि तेल रस्त्यावर येते. योग्य दाबक्षमतेची छोटी नळी लावून सेन्सर गाडीच्या सांगाड्यावर घट्ट बसवावा आणि त्याला अर्थ द्यावा. मूळ दिव्याचा स्विच मात्र काढू नये.

तारा जोडण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडावे. वीज चावी फिरवल्यावरच येईल अशा ठिकाणाहून, दोन-तीन अँपिअरच्या फ्यूजमधून घ्यावी. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक छिद्राला रबरी बुश हवा, तारांना नळीचे आवरण हवे, आणि सायलेन्सर व बेल्ट यांपासून त्या दूर असाव्यात. ओम्नी-ईकोत आसन उचलावे लागते. तार बिजागरीजवळून नेली तर दुसऱ्या सर्व्हिसिंगलाच ती चिरडते. पावसाळ्यात रपट्यावरून पाण्यातून जावे लागते, म्हणून जोड उघडे न ठेवता सीलबंद करावेत.

इंजिनाच्या संगणकाला जाणारी सेन्सरची तार कापून तीवर मीटर चालवणे मात्र सर्वस्वी टाळावे. संगणकाला चुकीचे तापमान कळते, आणि वॉरंटीचाही वाद उभा राहतो. नव्या गाड्यांत ओबीडी जोडणी असते. तेथे खोचायचा छोटा डिजिटल मीटर पाण्याचे तापमान व व्होल्टेज अंशा-आकड्यांत दाखवतो. कापाकापी नको असलेल्यांसाठी हा मार्ग चांगला. तेलाचा दाब मात्र त्यावर बहुधा मिळत नाही.

आता काटा वाचण्याविषयी. ८५ ते १०० अंश साधारण नित्याचे समजावे. १०५ च्या पुढे चढ कायम राहिला तर वातानुकूलन बंद करून वेग कमी करावा आणि थांबण्याची जागा शोधावी. हीटर असल्यास तो पूर्ण सुरू करण्याचा सल्ला तंत्रदृष्ट्या बरोबर आहे. मे महिन्यात चंद्रपुरात तो कोण पाळणार, हा भाग निराळा. सर्वांत फसवा प्रसंग वेगळाच असतो. पाणी गळून संपले की सेन्सर कोरडा पडतो आणि चढलेला काटा अचानक खाली येतो. चालकाला हायसे वाटते, आणि त्याच वेळी हेड वाकत असते. कारण नसताना काटा पडला तर इंजिन लगेच बंद करावे. पाणी कमी झाल्याची सूचना देणारा वेगळा भोंगा मिळतो, तो लावला तर हा धोका टळतो.

तेलाचा काटा वळणावर किंवा ब्रेक लावताना क्षणभर पडत असेल तर तेल कमी आहे. गरम इंजिनाचे रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालचे पाणी शंभर अंशांच्या वरही द्रवरूप असते आणि झाकण सैल होताच उसळते. नाल्याचे पाणी घालण्याची वेळ आलीच, तर इंजिन पूर्ण निवल्यावर थोडे थोडे घालावे आणि नंतर संपूर्ण पाणी बदलून कूलंट भरावे. मीटर बसवल्यावर पहिला आठवडा भरल्या गाडीत, दुपारी, तिन्ही काटे कोठे राहतात ते कागदावर टिपून डॅशबोर्डवर चिकटवावे. रात्री-अपरात्री दुसरा चालक बसला तर त्याला तोच कागद उपयोगी पडतो.