चिंचोळी एमआयडीसीतल्या कंपन्यांत महिला किती? सेबी काय विचारते, काय विचारत नाही

सोलापूर-पुणे महामार्गावर, मोहोळ तालुक्यात चिंचोळी एमआयडीसी आहे. केमिकल, औषधांचा कच्चा माल, वाहनांचे सुटे भाग, कापड असे अनेक कारखाने इथं आहेत. त्यातल्या काही कंपन्यांचे शेअर तुम्ही मोबाइलवरून विकत घेऊ शकता. बालाजी अमाइन्स, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आणि स्मृती ऑरगॅनिक्स या शेअर बाजारात नोंद असलेल्या तिन्ही कंपन्यांचे प्रकल्प चिंचोळीत आहेत.

शेअर बाजारात आलं की सेबीचे नियम लागतात. पूर्वी हे नियम मुख्यतः पैशांचा हिशेब मागायचे. आता माणसांचाही मागतात: संचालक मंडळात महिला आहे का, कामगारांत महिला आणि दिव्यांग किती, पगारात फरक किती. पण सक्ती आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेकांचा गोंधळ इथंच होतो.

सक्ती फक्त वरच्या मजल्यावर

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४९ नुसार शेअर बाजारातल्या प्रत्येक कंपनीच्या संचालक मंडळात किमान एक महिला हवी. शेअर बाजारात नसलेल्या पब्लिक कंपन्यांनाही हे लागू आहे, पण भरणा झालेलं भांडवल १०० कोटी किंवा उलाढाल ३०० कोटी असेल तरच. सेबीनं आधी १ ऑक्टोबर २०१४ ही मुदत दिली होती, ती वाढवून १ एप्रिल २०१५ केली.

मग काय झालं? मुदत जवळ आली तशी देशभरातल्या कित्येक कंपन्यांनी प्रवर्तकाच्या घरातलीच महिला संचालक केली. पत्नी, मुलगी, सून. नियम मोडला नाही, पण त्याचा हेतू बाजूला राहिला. घरातली महिला नावापुरतीच असते, असं अजिबात नाही. कित्येक जणी कारखाना प्रत्यक्ष चालवतात. पण प्रवर्तकाला ‘हे चालणार नाही’ असं सांगणारा बाहेरचा माणूस मंडळात असावा, ही अपेक्षा त्यातून पूर्ण होत नाही.

म्हणून उदय कोटक समितीच्या शिफारशीनंतर सेबीनं नियम घट्ट केला. बाजारमूल्यानुसार पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या १,००० कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून किमान एक *स्वतंत्र* महिला संचालक सक्तीची झाली. स्वतंत्र म्हणजे प्रवर्तकाची नातेवाईक नसलेली आणि कंपनीशी आर्थिक हितसंबंध नसलेली. मंडळाची रचना नियमात बसत नसेल, तर शेअर बाजार दिवसाला ५,००० रुपये दंड लावतो. मोठ्या कंपनीला ही रक्कम किती जड जाते, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

तुलनेसाठी: नॉर्वेनं ४० टक्क्यांचा कायदा २००३ मध्येच केला. अमेरिकेत उलट झालं. नॅसडॅक शेअर बाजाराचा विविधतेचा नियम डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या अपील कोर्टानं रद्द केला. भारत ‘किमान एक’वर थांबला आहे, मंडळ सहा जणांचं असो की बारा.

कारखान्यात सक्ती नाही, फक्त माहिती

मशीनवर किती महिला हव्यात, हे सेबी सांगत नाही. ती विचारते. त्यासाठीच्या अहवालाचं नाव बीआरएसआर, म्हणजे बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट. २०२२-२३ पासून पहिल्या १,००० कंपन्यांना तो सक्तीचा आहे.

यातले प्रश्न बरेच थेट आहेत. कर्मचारी आणि कामगार वेगवेगळे दाखवा. कायम किती, बिगर-कायम किती, त्यात महिला किती. दिव्यांग किती. बाळंतपणाच्या रजेनंतर किती जणी परत आल्या आणि किती टिकल्या. पाळणाघराची सोय किती जणांना आहे. लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या. पुरुष आणि महिलांचा ‘मध्यक’ पगार किती, म्हणजे सगळ्यांना पगाराच्या क्रमानं उभं केलं तर मधोमध येणाऱ्याचा पगार. अहवालाच्या ‘कोअर’ भागात, एकूण पगारापैकी किती टक्के महिलांना आणि किती टक्के छोट्या शहरांत, गावांत दिला, हेही येतं. चिंचोळीसारख्या ठिकाणासाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

जात मात्र हा अहवाल विचारत नाही. मोहोळ तालुक्यातल्या गावांतून कोण कायम होतं आणि कोण कंत्राटावर राहतं, याचं निम्मं उत्तर तिथंच हरवतं.

दुसरी अडचण अशी की आकडे अख्ख्या कंपनीचे असतात, प्रकल्पाचे नाहीत. एखाद्या कंपनीत महिला वीस टक्के दिसल्या, तरी त्या कारखान्यात आहेत की शहरातल्या ऑफिसात, ते त्या एका आकड्यावरून कळत नाही. म्हणून ‘कर्मचारी’ आणि ‘कामगार’ हे तक्ते नेहमी वेगळे वाचा.

बाकीच्या कारखान्यांचं काय?

चिंचोळीतल्या बहुतेक कारखान्यांचा शेअर बाजाराशी संबंधच नाही. त्यांना बीआरएसआर नाही आणि सेबीही नाही.

तरी दोन वाटांनी हे प्रश्न तिथं पोहोचतायत. पहिली वाट कंपनी कायद्याची. १४ जुलै २०२५ पासून प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांनाही वार्षिक अहवालात लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि किती ९० दिवसांहून जास्त रखडल्या, हे लिहावं लागतं. प्रसूती लाभ कायदा पाळला का, तेही सांगावं लागतं. कायद्याच्या व्याख्येतल्या छोट्या कंपन्यांना यातून सूट आहे, आणि भागीदारी फर्म तर यात येतच नाही.

दुसरी वाट गिऱ्हाइकाची. पहिल्या २५० कंपन्यांनी आपल्या मोठ्या पुरवठादारांचीही माहिती द्यावी, असं सेबीला हवं होतं. उद्योगांनी नाराजी दाखवल्यावर ते २०२५-२६ पासून ऐच्छिक ठेवलं. पण एखाद्या मोठ्या वाहन कंपनीनं फॉर्म पाठवलाच, तर तिला सुटे भाग देणाऱ्या कारखान्याला तो भरावाच लागेल. ऑर्डर टिकवायची असते ना.

स्वतः कसं तपासायचं?

बीएसई किंवा एनएसईच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव टाका आणि वार्षिक अहवाल उघडा. मोफत आहे. बीआरएसआरमध्ये सुरुवातीलाच मनुष्यबळाचे तक्ते असतात. तिथं ‘बिगर-कायम कामगार’ ही ओळ शोधा आणि आदल्या वर्षीच्या अहवालाशी ताडून पाहा. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची कागदपत्रं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर शुल्क भरून पाहता येतात.