प्रिंटमध्ये कापलेली माणसं निगेटिव्हमध्ये शिल्लक आहेत

लासूर स्टेशनच्या आमच्या वस्तीत कोणाच्याही घरात जा. भिंतीवर तथागत बुद्ध आणि बाबासाहेब असतात, शेजारी माता रमाई असते. पण 'नामांतराच्या वेळचा घरातला एखादा फोटो आहे का?' असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: 'होता. आता कुठं गेला कोण जाणे.'

गेल्या वर्षी बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओतला पत्र्याचा डबा आमच्याकडे आला. आत १२० फिल्मच्या चौकोनी निगेटिव्ह, ३५ मिलिमीटरच्या पट्ट्या आणि पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या काही रंगीत स्लाईड होत्या. झाकण उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला. असे आणखी कितीतरी डबे भंगारात गेले होते. जुन्या कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चांदी असते आणि ती काढणारे लोक किलोवर माल उचलतात. आपल्या लग्नांचा, मिरवणुकांचा, मोर्च्यांचा इतिहास असा वजनाच्या भावाने विकला गेला आहे.

आमच्यातल्याच काहींनी तेव्हा विचारलं, 'फोटो तर घराघरांत आहेत. मोबाईलवर फोटोचा फोटो काढला की झालं. या काळ्या पट्ट्यांचं काय करायचं?' प्रश्न साधा वाटतो, पण उत्तरात आपल्या इतिहासलेखनाचं सगळं राजकारण आहे.

१२० फिल्मवरची पुष्कळशी निगेटिव्ह चौकोनी असते आणि फोटोचा कागद आयताकृती. स्टुडिओवाला प्रिंट काढताना दोन कडा कापणारच. कोणत्या कडा? मध्ये हार घातलेले पाहुणे, पुढारी, माईक. म्हणून कापायच्या त्या बाजूला उभ्या असलेल्या बायका, पोरं आणि मजूर. आमच्या डब्यातली एक निगेटिव्ह एका घरातल्या प्रिंटशी जुळली. प्रिंटमध्ये पाच पुरुष आहेत. निगेटिव्हमध्ये त्यांच्या डाव्या बाजूला अकरा बायका आहेत, एकीच्या कडेवर मूल आहे. पन्नास वर्षं आपण तो फोटो पाहिला आणि म्हणालो, सभेला बायका नव्हत्या. बायका होत्या. कागद अपुरा पडला आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

आपल्याकडे साधनं नव्हती, हे बाबासाहेबांनी फार आधी ओळखलं होतं. दुसऱ्यांच्या वर्तमानपत्रात आपल्याला जागा नाही म्हणून ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघालं, १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघालं. छापखान्याचं जे झालं तेच कॅमेऱ्याचं. कॅमेरा महाग, फिल्म महाग, आणि बहुतेक वेळा कॅमेऱ्यामागचा डोळा आपला नव्हता. चवदार तळ्याचा जो प्रसंग आपण कॅलेंडरवर पाहतो, तो चित्रकाराने रंगवलेला आहे. डिसेंबर १९५६ मध्ये मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा नामदेवराव व्हटकरांनी आपला छापखाना गहाण ठेवून चित्रीकरणाची सोय केली. एका माणसाने पोटाचं साधन गहाण टाकलं म्हणून तो जनसागर आज आपल्याला दिसतो. फिल्म जपणं हे चळवळीचं काम आहे की नाही, याचं उत्तर यातच आहे.

आता मराठवाड्याकडे या. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव आपली घरं पेटली. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना ठार मारलं गेलं. १९७९ चा लाँग मार्च, सत्याग्रह, तुरुंगवास, आणि सोळा वर्षांनंतर १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार. या सगळ्याची छायाचित्रं वर्तमानपत्रांनी काढली, पण काय छापायचं ते त्यांच्या संपादकांनी ठरवलं. गावातल्या लहान स्टुडिओने काढलेली, कोणी कधी न छापलेली चित्रं मात्र डब्यात राहिली. शासनाच्या दप्तरात 'जमाव' म्हणून ज्यांची नोंद आहे, त्यांचे चेहरे या पट्ट्यांवर आहेत.

हे चेहरे फार दिवस टिकणार नाहीत. तो आंबट वास म्हणजे ॲसिटेट फिल्म कुजू लागल्याची खूण. तिच्यातून निघणारं आम्ल तिलाच आणखी कुजवतं आणि शेजारच्या चांगल्या पट्टीलाही लागतं. फिल्म आक्रसते, वाकते, वरचा थर सुटतो. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्यात हे काम वेगाने होतं. म्हणून वास येणाऱ्या पट्ट्या आधी वेगळ्या करा, कागदी पाकिटात ठेवा आणि त्यांचंच डिजिटल रूपांतर सर्वांत आधी करा.

त्यासाठी लाखाचं यंत्र लागत नाही. सपाट पांढरा उजेड देणारी एलईडी पाटी, स्टँडवर घट्ट बसवलेला कॅमेरा आणि जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स एवढ्यावर आम्ही काम चालवलं. स्कॅनर असेल तर ३५ मिलिमीटरची चौकट ४००० डीपीआयवर घ्या. सुमारे दोन कोटी पिक्सेलची प्रतिमा मिळते. मूळ फाईल टिफमध्ये ठेवा, व्हॉट्सॲपसाठी वेगळी लहान प्रत करा. स्कॅनरमधली इन्फ्रारेडची धूळ-सफाई कृष्णधवल निगेटिव्हला चालत नाही, कारण चांदी तो किरण अडवते. तिथे हवेचा हातपंप, मऊ ब्रश आणि धीर.

आणि पट्टीची बाजू तपासा. मंद दिसणारी बाजू थराची, चकचकीत बाजू पाठीची. आम्ही एक स्लाईड उलटी टिपली आणि मोर्चा स्टेशनकडे चाललाय असं लिहून मोकळे झालो. नंतर कोणाच्या तरी लक्षात आलं की फलकावरचा 'जय भीम' उलटा दिसतोय. मोर्चा स्टेशनकडून निघाला होता. एवढ्याशा चुकीने इतिहासाची दिशा बदलते.

दुसरा धोका आजचा आहे. मोबाईलमधली ॲप जुन्या फोटोला रंग देतात, फाटका चेहरा स्वतःच्या मनाने पुरा करतात. पोस्टरसाठी करायचं तर करा. पण यंत्राने कल्पनेने काढलेला डोळा हा पुरावा नाही. ज्यांचा इतिहास आजही खोटा ठरवला जातो, त्यांनी आपल्या हाताने पुराव्यात भेसळ करायची का? मूळ स्कॅनवरची धूळ, ओरखडे तसेच राहू द्या. फाईल झाली म्हणून निगेटिव्ह फेकूही नका. हार्डडिस्क एका दिवसात मरते. तीन प्रती ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या गावात.

पण सगळ्यात मोठं काम स्कॅनिंगनंतर सुरू होतं. आमच्या त्या पाकिटावर एकच शब्द होता: 'सभा'. ती अकरा बायकांची प्रतिमा आम्ही विहारात पडद्यावर लावली. एक आजी पुढे आली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, 'लेकरांनो, ही कडेवर पोरगं घेतलेली मीच की.' त्या संध्याकाळी तिने अकरापैकी सात जणींची नावं सांगितली. उरलेल्या चौघी आज तरी निनावी आहेत. आजी पाच वर्षं आधी भेटली असती तर कदाचित त्याही सापडल्या असत्या.

फोटो कुजतो तशी आठवणही संपते. नावं सांगू शकणारी माणसं आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून येत्या १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला विहारात व्याख्यानाइतकीच एका टेबलाला जागा द्या. लोकांनी घरातली पाकिटं आणावी, तिथेच टिपावीत, नाव-गाव-साल लिहून घ्यावं आणि मूळ पट्टी ज्याची त्याला परत द्यावी. मालकी त्या कुटुंबाचीच.

आपल्याला कोणी तरी कडेला कापलं, हे रडगाणं पुरे झालं. कापलेला भाग अजून आपल्याच ट्रंकेत आहे. तो उजेडात धरणं आपल्या हातात आहे.

जय भीम!