विळ्याचे डोहाळे

साताऱ्याहून पहाटे निघालेली दमणी वाईत शिरते तेव्हा दिवस कलला आहे. साल १८८६, महिना आश्विन. तुला सातवा लागला आहे आणि तू सोळा वर्षांची आहेस. आजच्या काळातून आलेल्या तुला हे वय बोचत असेल. इथे कुणाला बोचत नाही; उलट सासरी शेजारणी 'उशीरच झाला' म्हणाल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तू आली आहेस. दारात तुझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायांवर पाणी पडतं आणि आई तुझ्या तोंडाकडे न बघता आधी घोट्यांकडे बघते. सूज आहे का ते.

सासरी तुझं सीमंत झालं. नवऱ्याने साळिंदराच्या काट्याने तुझा भांग वर काढला, उंबराच्या कच्च्या फळांचा घोस हाताशी होता, भटजी मंत्र म्हणत होते. तुला हसू येत होतं. पण आश्वलायन गृह्यसूत्रात याच विधीत एक गंमत आहे. मंत्रबिंत झाल्यावर सूत्रकार सांगतो की, ज्यांचे नवरे आणि मुलं हयात आहेत अशा म्हाताऱ्या बायका जे जे सांगतील ते ते करावं. त्याने हात झटकले की शहाणपण दाखवलं, कोण जाणे. पुढचे दोन-अडीच महिने मात्र तू त्या म्हाताऱ्यांच्या राज्यात आहेस.

त्यांतली पहिली मागल्या दाराने येते. सुईण. तिला पुढून येऊ देत नाहीत. तिच्या हाताचा एरवी विटाळ; बाळ हाती घेतो तेवढ्यापुरताच तो चालतो. ती उंबऱ्याशी बसून तळव्यावर तीळतेल घेते, तुझ्या पोटावर बोटं टेकवते आणि डोळे मिटते. "डोकं अजून वर हाय," म्हणते. "फिरंल. तुझ्या आईला म्याच सोडवली, तवा तू पायाळू." पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात, आणि भरलेली पाठ त्याच्या लाथेने मोकळी होते. घरातल्या दोन काक्या तुझ्याकडे आशेने बघतात.

बोटं मात्र बघ. कान लावल्यासारखी पोटावर फिरतात. बाळाची पाठ कुठे, गुडघे कुठे, हे ती सांगते आणि तू हात लावून बघतेस तर खरंच तिथे गुडघा असतो. अशी वीस-तीस वर्षं हातात साठलेली विद्या तिच्याकडे आहे, आणि मोबदला म्हणून लुगडं, खण आणि पायलीभर धान्य.

डोहाळजेवण सोपस्कारात उरकतं: हिरवं लुगडं, हिरवा चुडा, फुलांची वाडी, झोपाळा, ओटीत गहू-खण-नारळ. यातलं खरं महत्त्वाचं 'डोहाळे' या शब्दातच आहे. पोटुशीचे डोहाळे मोडायचे नाहीत. जिला एरवी दुसऱ्यांदा भात मागायची चोरी, तिने चिंच म्हटली की चिंच येते, मध्यरात्री थालीपीठ म्हटलं की चूल पेटते. नकाराची सवय असलेल्या मुलीला काही महिने होकार मिळतो. मला वाटतं, सगळ्या काढ्यांपेक्षा हे औषध मोठं.

ओसरीवर काका 'केसरी' वाचतात. आनंदीबाई जोशी याच वर्षी अमेरिकेत डॉक्टर झाल्या आहेत. पदवीसाठी त्यांनी हिंदूंच्या प्रसूतिविद्येवरच प्रबंध लिहिला. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं. त्या परत येतील, आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने जातील. तुला हे माहीत आहे, काकांना नाही. तू गप्प बसतेस.

मार्गशीर्षात माजघराशेजारची अंधारी खोली सारवून घेतात. झरोक्याला गोणपाट. बाज, तिच्याखाली ठेवायची शेगडी, गोवऱ्या, धुरीसाठी ओवा आणि बाळंतशोपा, गुटीसाठी सहाण, वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, जायफळ. डिंक, खारीक, अळीव डब्यात. जुनी लुगडी धुऊन मऊ केलेली. सगळं बाळंतिणीवरच्या मायेने मांडलेलं. आणि कोपऱ्यात, भिंतीला टेकवून, विळा.

त्याने काल कडबा कापला. पात्यावर माती आणि शेण वाळलं आहे. नाळ याच विळ्याने कापायची आणि वर राख दाबायची. धनुर्वाताचा जंतू शेणामातीत राहतो. कितासातो शिबासाबुरो तो बर्लिनमध्ये वेगळा वाढवून दाखवील, पण १८८९ मध्ये. नाळेतून शिरला की बहुतेक तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात बाळाला आकडी येते. पाचवीला सटवाई पुजून बायका रात्रभर जागतात. त्यांनी धोक्याची रात्र अचूक हेरली आहे. पहारा मात्र भलत्या दारावर आहे.

जंतू म्हणालीस तर वेड लागलं म्हणतील. कळा सुरू झाल्या आहेत, आत्या मागून काखेत हात घालून बसली आहे. तू दात आवळून म्हणतेस, "मला डोहाळे लागलेत."

"आत्ता गं?" आई.

"विळा घासून खळखळत्या पाण्यात घाला. बराच वेळ. आणि राख नको, धुतलेली चिंधी बांधा."

सुईण हसते. "चिंचंचं ऐकलं व्हतं, विळ्याचं नाय." पण डोहाळे मोडायचे नाहीत. पाण्याचं पातेलं परत चुलीवर चढतं. उकळण्याने त्या जंतूची चिवट बीजं सगळी मरतात असं नाही. एवढंच तुझ्या हातात आहे.

पाचवीची रात्र. पाटावरवंट्यापुढे दिवा, सटवाईला लिहायला कोरा कागद, बोरू, दौत. बायका जात्यावरच्या ओव्या गुणगुणत डुलक्या आवरतात. धनुर्वाताची पहिली खूण आकडी नसते. त्याआधी जबडा आवळतो आणि बाळाला दूध ओढता येत नाही. तू अंधारात, धुराने डोळे चुरचुरत असताना, पुन्हा पुन्हा त्याला छातीशी लावून बघतेस.

कोंबडा आरवतो. बाळ चुकचुक आवाज करत लुचतं आहे. कागद अजून कोराच आहे, आणि सुईण दाराशी पाय पसरून घोरते आहे.