ब्रिटानियाचे बोमन आणि बचन

अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेला दगड-मुरूम समुद्रात लोटून पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत मुंबईत नवी जमीन तयार झाली, ती बॅलार्ड इस्टेट. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुकार जॉर्ज विटेट यांनी तिथल्या इमारतींची धाटणी ठरवली. सरळ रुंद रस्ते आणि त्यांच्या कडेला एकसारख्या भारदस्त इमारतींच्या रांगा. बोटींच्या कंपन्या आल्या, कस्टमची कचेरी आली, साहेबी कारभार सुरू झाला. कचेऱ्या आल्या की दुपारच्या जेवणाची सोय लागते. १९२३ मध्ये स्प्रॉट रोडवरच्या वेकफील्ड हाउसमध्ये रशीद कोहिनूर यांनी ती केली आणि हॉटेलाला नाव दिलं ‘ब्रिटानिया अँड कंपनी’. असं नाव ठेवलं तर गोऱ्या अधिकाऱ्याकडून परवाना चटकन मिळेल, हा त्यामागचा हिशेब होता, असं सांगतात.

रशीद यांचे चिरंजीव बोमन हे साधारण या हॉटेलाच्याच वयाचे. २५ सप्टेंबर २०१९ रोजी ते गेले. वय ९७. अगदी उतारवयातही दुपारी ते हॉटेलात हजर असत, वाकलेल्या पाठीनं टेबलाटेबलाशी जात, स्वतः ऑर्डर घेत, काय खावं हे सुचवत आणि त्यासोबत ताजा लिंबू सोडा घ्याच म्हणून गळ घालत. एका माणसाच्या आयुष्यात शहराच्या एका अख्ख्या धंद्याचा इतिहास मावावा, असं क्वचित घडतं. बोमन यांच्याबाबतीत ते घडलं.

हा धंदा इराण्यांचा. पारशी आणि इराणी दोघेही जरथुष्ट्राचे अनुयायी, म्हणून आपण त्यांना एकाच पंगतीत बसवतो. पण त्यांच्या येण्यात हजार वर्षांचं अंतर आहे. पारशी गुजरातेत संजाणला उतरले ते मध्ययुगाच्या आरंभी. इराणी आले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात, मुख्यतः इराणमधल्या यज्द आणि केरमानकडून. तिथे मागे राहिलेल्या जरथुष्ट्रींची दैना झाली होती. जिझिया कर भरावा लागे, अपमान गिळावे लागत. १८७०-७२च्या भीषण दुष्काळानं उरलंसुरलंही नेलं. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये मानेकजी लिमजी हतारिया यांना इराणला धाडलं. त्यांनी तिथे उभी हयात या लोकांसाठी वेचली आणि अखेर १८८२ मध्ये शहानं जरथुष्ट्रींवरचा जिझिया उठवला. तोवर अनेकांनी मुंबईची वाट धरली होती. हातात पैसा नाही, शेतीभातीपलीकडे फारसा अनुभव नाही, भाषा परकी. अशा माणसांनी चहा विकायला घेतला.

त्यांना जागा मिळाल्या त्या नाक्यावरच्या. कोपऱ्यावरचं दुकान अशुभ, अशी इथल्या व्यापाऱ्यांची समजूत असल्यामुळे त्या स्वस्तात सुटत. इराण्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. उलट दोन रस्त्यांना तोंड असलेली जागा म्हणजे उजेड, वारा आणि दुहेरी गिऱ्हाईक. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, गल्ल्यावर मालक, मागे बरण्यांत बिस्किटं. १९०४ची धोबी तलावची क्यानी, १९१४ची ग्रँट रोडची मेरवान, १९३५चं पुण्याच्या डेक्कनवरचं गुडलक ही त्यातली ठळक नावं. हा धंदा फक्त जरथुष्ट्रींचा राहिला नाही. इराणहून आलेल्या मुसलमानांनीही तो तितक्याच निष्ठेनं केला.

ब्रून मस्का आणि पानी कम चहाच्या आठवणी पुष्कळांनी लिहिल्या आहेत. त्या गोड आहेत, पण इराण्याचं मोठं काम त्याहून वेगळं होतं. ज्या काळात कोणाच्या हातचं पाणी प्यायचं यावर माणसाची जात मोजली जाई, त्या काळात इराण्याच्या टेबलाशी गिरणीतला कामगार, कचेरीतला कारकून आणि विद्यार्थी एकाच तऱ्हेच्या कपातून चहा पीत. चार आण्यांत दोन तास बसणाऱ्याला कोणी उठवत नसे. मुंबईला शहरपण देणाऱ्या जागांत रेल्वेचा डबा आणि गिरणीचं आवार यांच्या जोडीनं इराण्याचं हॉटेलही मोजायला हवं.

ब्रिटानिया मात्र या सगळ्यांत थोडं निराळं. त्याचं सुरुवातीचं गिऱ्हाईक बॅलार्ड इस्टेटमधले गोरे अधिकारी, त्यामुळे जेवणही त्यांच्या जिभेला मानवेल असं, बिनतिखट, विलायती. दुसऱ्या महायुद्धात ही जागा लष्करानं ताब्यात घेतली. ती पुन्हा कुटुंबाच्या हाती आली तेव्हा दिवस पालटले होते. साहेब निघाला होता आणि त्याच्याबरोबर त्याचं ताटही. अशा वेळी जुन्याला कवटाळून बसलेली कितीतरी दुकानं बुडाली. कोहिनूर कुटुंबानं स्वयंपाकघर बदललं. बिर्याणी, पुलाव, धनसाक, साली बोटी असे पदार्थ आले आणि नव्या कचेऱ्यांतला देशी नोकरदार टेबलाशी बसू लागला.

खरं वळण आलं १९८२ मध्ये, आणि ते आणलं बोमन यांच्या पत्नी बचन यांनी. त्या तेहरानमध्ये नोकरीला होत्या. तिथे त्यांनी झरेश्क पोलो खाल्ला होता. झरेश्क म्हणजे लालचुटूक, आंबट, वाळवलेली बारीक फळं. इराणी पद्धतीत तो केशरी भात आणि कोंबडी असा साधा, सौम्य पदार्थ असतो. बचन यांनी त्याला इथला मसाला दिला, तळलेला कांदा आणि काजू दिले, मांसाचा रस्सा भाताखाली घातला आणि वरून इराणहून मागवलेली फळं पेरली. हाच ब्रिटानियाचा बेरी पुलाव. पुढे लोक त्यासाठी बोरिवली-ठाण्याहून येऊ लागले, परदेशी पाहुणे पत्ता शोधत येऊ लागले. हॉटेल वर्षानुवर्षं फक्त दुपारचंच उघडं असे, तरी दाराशी रांग लागे.

बोमन यांची प्रसिद्धी झाली ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्यांना इंग्लंडच्या राजघराण्याचं मनापासून प्रेम होतं. राणी एलिझाबेथच्या कचेरीकडून आलेलं पत्र ते प्लास्टिकच्या आवरणात जपून ठेवत, इंग्लंडहून आलेल्या गिऱ्हाइकाला ते दाखवत आणि राणीला नमस्कार सांगा म्हणत. २०१६च्या एप्रिलमध्ये राजपुत्र विल्यम आणि केट मुंबईत आले, तेव्हा त्यांना भेटण्याची बोमन यांची इच्छा समाजमाध्यमांतून दूरवर पोचली आणि ताजमहाल हॉटेलात ती भेट झालीही. काहींनी यावर गुलामगिरीचा शिक्का मारला. तो अन्यायाचा आहे. हॉटेलात राणीच्या चित्राबरोबर महात्मा गांधींचंही चित्र होतं. निर्वासितांच्या समाजातल्या माणसाला आपल्या वडिलांना धंदा करू देणाऱ्या राजवटीबद्दल आपुलकी वाटली, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

एव्हाना त्यांच्या बरोबरीची हॉटेलं एकेक करून मिटत गेली होती. ज्याच्या नियमांच्या पाटीवरून निसीम इझिकेल यांनी कविता केली, ते धोबी तलावचं बस्तानी गेलं. मेरवाननं २०१४ मध्ये बंद होत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा मावा केकसाठी रांगा लागल्या; सुदैवानं ते पुन्हा उघडलं. उडप्यांशी स्पर्धा, भागीदारांतले तंटे, जागेच्या चढत्या किमती ही कारणं खरीच. पण सगळ्यांत मोठं कारण घरातलं आहे: पहाटे भट्टी पेटवायला आणि दिवसभर गल्ल्यावर बसायला शिकली-सवरलेली पुढची पिढी तयार होत नाही. कोहिनूर कुटुंबात मुलं उभी राहिली, म्हणून ब्रिटानिया टिकलं.

बोमन गेल्यावर वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर भरभरून लिहिलं आणि ते योग्यच झालं. त्या मजकुरात राणी होती, हॉटेलात ठेवलेला केटचा पुठ्ठ्याचा पुतळा होता, लिंबू सोडा होता. पण ते हॉटेल तगलं ते तेहरानहून एका बाईनं आणलेल्या आणि मुंबईच्या चुलीवर नव्यानं रचलेल्या पदार्थामुळे. मुंबईच्या खाद्यसंस्कृतीचा इतिहास जो कोणी लिहील, त्यानं बोमन कोहिनूर यांच्या नावाशेजारी बचन कोहिनूर हे नाव तितक्याच ठळकपणे लिहायला हवं.