चित्राची वाट: उपग्रह ते क्लाउड

१ ऑगस्ट २०२४ला कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने फ्रान्समध्ये नेमबाजीचं कांस्यपदक मिळवलं, ते आपण इथे बसून पाहिलं. अशी चित्रं इतक्या लांबून येतात कशी?

१९६४मध्ये टोकियो ऑलिंपिकची दृश्यं सिनकॉम-३ उपग्रहाने थेट अमेरिकेत पोचवली. पुढे बरीच वर्षं उपग्रह भाड्याने घ्यावा लागे. ते बड्या वाहिन्यांनाच परवडे. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मात्र वाहिन्यांना चित्रं पुरवण्यात क्लाउडने उपग्रहाला मागे टाकलं.

क्लाउड म्हणजे आभाळातला ढग नव्हे. कुठल्यातरी इमारतीतले भाड्याने मिळणारे मोठे संगणक. चित्राचे बारीक तुकडे इंटरनेटवरून तिथे जातात, वाटेत हरवलेला तुकडा पुन्हा मागवतात. त्यात काही सेकंद जातात. मोबाइलवर मॅच बघताना टीव्हीवाल्या शेजारणीकडे आधी आरडाओरडा होतो ना, त्याचं एक कारण हेच!

आता आपली महिला ग्रामसभासुद्धा साध्या फोनवरून थेट दाखवता येते. अडचण एकच. रेंज कमी असली की बाहेरचं चित्र कसंबसं येतं, आपलं मात्र बाहेर जात नाही. म्हणून टॉवरची मागणी करताना आम्ही अर्जात ‘पाठवण्याचा वेग’ वेगळा लिहितो.