कोवलमची वखार आणि विणकराची उचल

कोवलम म्हटले की केरळ आठवते. आज बोलायचे आहे ते चेन्नईच्या दक्षिणेला, ईस्ट कोस्ट रोडवरच्या मच्छीमारांच्या कोवलमविषयी. व्यापार खुला झाला की गरिबाच्या घरात पैसा येतो की जातो, यावर आपण १९९१ पासून भांडतो आहोत. या किनाऱ्यावर हा प्रश्न फार आधी येऊन गेला.

१७२० च्या सुमारास इथे ऑस्टेंड कंपनीची वखार होती. ऑस्टेंड म्हणजे आजच्या बेल्जियममधले बंदर, तेव्हा ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडे. ही मंडळी आली ती कापडासाठी. मद्रासला इंग्रज, सद्रासला डच, पुदुच्चेरीला फ्रेंच, तरंगंबाडीला डेन! एका किनाऱ्यावर इतके गिऱ्हाईक. विणकर व्यापाऱ्याकडून उचल घेई. दुसरीकडे भाव बरा मिळाला तर उचल परत करून मोकळा होई. व्यापाऱ्याला मात्र करार मोडून उचल परत मागता येत नसे. माझ्या मते विणकराच्या घरची चूल खुल्या व्यापारापेक्षा या हक्कावर पेटत होती.

मग गिऱ्हाईक कमी झाले, आणि ते बाजारातल्या चढाओढीने नव्हे. इंग्लंडच्या दबावाखाली १७३१ च्या व्हिएन्ना तहात ऑस्टेंड कंपनी संपली. १७५२ मध्ये क्लाइव्हने फ्रेंचांच्या ताब्यातला कोवलमचा किल्ला घेतला. (त्याचे रंगरूट इतके कच्चे होते की पहिल्या गोळीबारालाच पळाले. आम्हा फौजी लोकांना हा तपशील फार आवडतो.) १७६१ मध्ये पुदुच्चेरी पडली. आता मोठा खरेदीदार एकच, आणि त्याच्याकडे शिपाई. उचल घेतली की दुसऱ्यासाठी विणायचे नाही, असा बंदोबस्त आला.

१८१३ मध्ये पार्लमेंटने कंपनीची भारतातल्या व्यापाराची मक्तेदारी काढली. कागदावर व्यापार खुला झाला, पण एकाच बाजूने: आपल्या कापडावर इंग्लंडात जबर जकात, त्यांच्या मालाला इथे जवळजवळ मोकळी वाट. गिरणीचे सूत आले तेव्हा पहिला घाव मागावर बसला नाही. तो बसला चरख्यावर, म्हणजे शेतीची कामे नसताना सूत कातणाऱ्या बायकांच्या मिळकतीवर. विणकराला स्वस्त सूत मिळाले, म्हणून काही माग टिकले. दोन्ही घरांची सरासरी काढली, तर चरख्याचे घर हिशेबात दिसतच नाही.