जिवंत परतलेल्यांची यादी कुठे असते?

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांच्या घरात पोहोचली होती. त्यांपैकी सुमारे ८७ हजार सैनिक मृत्युमुखी पडले. उरलेले बहुसंख्य आपापल्या गावी परतले. कित्येक घरांत आज त्यांच्याविषयी एकच वाक्य शिल्लक आहे : ‘आजोबा मिलिटरीत होते.’ त्या वाक्याच्या मागे कसे जावे, यासाठी हा धागा. मुख्य अडचण अशी, की मृतांची नोंद साऱ्या जगाला खुली आहे, परतलेल्यांची नाही. म्हणून जिवंत आलेल्या माणसाचा माग पुष्कळदा त्याच्या मृत सोबत्यांच्या नावांवरून काढावा लागतो.

प्रारंभ पदकांपासून करावा. तारेच्या आकाराच्या पदकावर मोहिमेचे नाव असते : आफ्रिका, इटली किंवा बर्मा. ब्रिटिश सैनिकांना ही पदके नाव न कोरता दिली गेली. हिंदी सैनिकांच्या पदकांवर मात्र बहुधा क्रमांक आणि नाव आढळते, तारेच्या पाठीवर किंवा गोल पदकाच्या कडेवर. (पदक चिंचेने घासू नका. अक्षरे झिजतात.)

आता पलटण. ‘मराठा रेजिमेंट’ एवढ्याने भागत नाही. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण १९४१ साली इरिट्रियात केरेनला लढली आणि पुढे इटलीत गेली. पहिलीही इटलीत होती. दुसरी जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले तेव्हा शत्रूच्या हाती सापडली. चौथी मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला जपान्यांशी झुंजत होती. एकाच गावचे दोघे, एक युद्धकैदी आणि दुसरा नागा टेकड्यांत, असे सहज घडू शकत होते.

पलटण कळली की तिची युद्धदैनंदिनी लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात शोधता येते. तिच्यात अधिकाऱ्यांची नावे येतात; जवान बहुधा आकड्यांत येतात : इतके ठार, इतके जखमी. हे आकडे बोलते होतात ते राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींमुळे. हिंदू सैनिकांचे दहन होत असल्याने त्यांची नावे समाधीवर नव्हे, तर स्मारकाच्या शिळेवर कोरलेली असतात. इटलीतील सांग्रो नदीकाठचे स्मारक त्यांपैकीच. अनेक नोंदींत पित्याचे नाव, गाव आणि जिल्हाही सापडतो. जिल्हा जुना, म्हणजे रायगडऐवजी कुलाबा. आणि गावाचे स्पेलिंग इंग्रजी कानाला ऐकू आले तसे. मोठ्याने वाचले तर उलगडते. आजोबांच्या पलटणीतला, शेजारच्या गावचा एखादा जवान तिथे आढळला तर त्या गावी अवश्य जावे. भरती गावकी-भावकीतूनच होत असे. तेव्हा त्या घरी आजोबांचे नाव निघण्याचा संभव बराच असतो.

नाईक यशवंत घाडगे यांचेच पाहा. १० जुलै १९४४ रोजी इटलीत तिबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशिनगनचा मारा झाला. घाडगे वगळता सारे ठार वा जखमी झाले. ते एकटेच धावून गेले, ते ठाणे त्यांनी मोडले आणि तिथेच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे नाव कासिनोच्या स्मारकावर आहे, माणगावात पुतळा आहे. परंतु त्यांच्या तुकडीतल्या जखमींची नावे प्रशस्तिपत्रात नाहीत. त्यांतला कोणी परतून नांगराला लागला असेल, तर तो आज कुणाचा तरी आजोबा आहे.

हयात सोबती? १९४५ साली अठरा वर्षांचा असलेला जवान आज शंभरीला टेकला आहे. युद्धानंतर घरी पाठवलेल्या बहुतेकांची नोकरी अल्प काळाची, त्यामुळे निवृत्तिवेतन नाही, आणि त्या कागदांत नावही नाही. मात्र निवृत्तिवेतन नसलेल्या अशा सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य शासन अनुदान देते व ते काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पाहते. म्हणून तिथे आधी जावे. बेळगावच्या रेजिमेंटकडे पदकावरचा क्रमांक आणि वारसाचा पुरावा जोडून अर्ज नंतरही करता येईल. कागद थांबतात.

कोणी भेटलेच, तर लढाईबद्दल एकदम विचारू नये. बोटीचा प्रवास, लंगरातले जेवण, शेजारी कोण झोपत असे, हे विचारावे. विधवा आजींनाही हेच विचारावे. सोबत्यांची टोपणनावे त्यांना पाठ असतात. समूहछायाचित्र निघाले तर ते उलटून मागची बाजूही टिपून घ्यावी. शिसपेन्सिलीने लिहिलेली नावे असलीच तर तिथे असतात.